प्रॉमिस बॉक्समध्ये नसलेली स्तोत्रं

आमच्या घराण्यात पॉलिसिस्टिक किडनीचा आजार आहे. आईला होता. आजोबांनाही असणार, पण त्यांच्या काळी सोनोग्राफी होती कुठे? दोन्ही किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी होतात, वर्षानुवर्षं वाढत जातात आणि पन्नाशी-साठीत बऱ्याच जणांच्या किडन्या हात टेकतात. आईवडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता 50 टक्के. मला आहे हे तिशीतच कळलं होतं. त्यामुळे माझ्यावर संकट कोसळलं वगैरे मी म्हणू शकत नाही. ते लांबून चालत येताना मला दिसत होतं.

आम्ही मूळचे नगरचे. (आता अहिल्यानगर. अहिल्याबाईंचं चौंडी त्याच जिल्ह्यातलं, तेव्हा तिकडून माळव्यात येणारे आम्ही काही पहिले नव्हे.) पणजोबा कॅनडियन मिशनच्या काळात शाळामास्तर म्हणून इंदूरला आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून आमच्याकडे रविवारची उपासना हिंदीत आणि घरची प्रार्थना मराठीत. चर्चमध्ये ‘यहोवा मेरा चरवाहा है’, घरी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. आम्हा भावंडांना दोन्ही लहानपणापासून तोंडपाठ.

आईचं काय झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डॉक्टर डायलिसिससाठी हातावर फिस्टुलाची शस्त्रक्रिया आधीच करून घ्या म्हणत होते आणि ती टाळत होती. “प्रभू बघेल.” मग एका रात्री तिला धाप लागली, दवाखान्यात नेलं, मानेतून नळी घालून घाईघाईत डायलिसिस सुरू झालं. नळीला जंतुसंसर्ग झाला, ताप आला, पुन्हा नवी नळी. पण मला सलत राहिलं ते निराळंच. जी बाई महिला मंडळात अर्धा-अर्धा तास प्रार्थना चालवायची, ती मुकी झाली. उशाशी तिचा प्रॉमिस बॉक्स असायचा. पावाच्या आकाराची प्लॅस्टिकची डबी, आत उभ्या लावलेल्या गुलाबी, पिवळ्या, निळ्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर एक अभिवचन. रोज सकाळी एक काढून वाचायचा तिचा नेम होता. आता ती पट्टी काढायची आणि न वाचताच परत खोचायची. एकदा म्हणाली, “यातलं एकही माझ्यासाठी नाही गं.” आणि आपण असं बोललो याचीच तिला शेवटपर्यंत लाज वाटत राहिली. देवाला उलट बोललो, विश्वास कमी पडला, असं तिला वाटायचं.

ती गेल्यानंतर मी तो बॉक्स पुरा पाहिला. सगळी वचनं खरी, सगळी सुंदर. ‘भिऊ नको’, ‘मी तुझ्याबरोबर आहे’, ‘तो तुझा पाय घसरू देणार नाही’. पण बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा तक्रारीचा, रडण्याचा, देवाला जाब विचारण्याचा आहे. त्यातली एकही ओळ बॉक्समध्ये नव्हती. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत दरवर्षी घरटी एक वचनाचं कार्ड मिळतं, त्यातही नसते. असणार कशी? वर्षाची सुरुवात कोण ‘तू मला का टाकलंस’नं करेल! छापणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण आईजवळ देवाशी भांडायचे शब्द नव्हते. ती देवाची भक्त होती, देवावर रागावणं तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि डायलिसिसच्या खाटेवर ते शिकता येत नाही.

माझा जीएफआर, म्हणजे किडन्या रक्त किती गाळतात त्याचं माप, 15च्या आसपास घुटमळायला लागला तेव्हा डॉक्टरांनी तीच गोष्ट मला सांगितली. “अभी ठीक लग रहा है ना? तो अभी करवा लो. बाद में टाइम नहीं मिलेगा.” मी लगेच हो म्हटलं.

फिस्टुला म्हणजे मनगटाजवळची धमनी आणि शीर एकमेकींना जोडायची. धमनीतलं रक्त जोरानं शिरेत शिरतं, त्या दाबानं शीर हळूहळू जाड आणि मोठी होते, आणि मग तिच्यात डायलिसिसच्या जाड सुया घालता येतात. पण हे ‘पिकायला’ सहा ते आठ आठवडे लागतात, कधी जास्तही. म्हणून ते दुखणं येण्याआधी, माणूस चालता-फिरता असताना करायचं. शस्त्रक्रिया हात बधिर करून झाली, संध्याकाळी घरी आले. त्या हातात पुन्हा घट्ट बांगडी नाही, घड्याळ नाही, बीपीचा पट्टा नाही, रक्त काढणं नाही, भाजीची जड पिशवी नाही. आणि रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून तपासायचं. आत बारीक थरथर लागली पाहिजे, मांडीवरचं मांजर गुरगुरतं तशी. डॉक्टर त्याला थ्रिल म्हणतात. थरथर थांबली तर धावत दवाखाना गाठायचा.

टाके सुकल्यावर व्यायामाला मऊ रबरी चेंडू दिला. दाबायचा, सोडायचा, दिवसातून कित्येकदा. आणि तिथे माझी दुसरी तयारी सुरू झाली. हे ठरवून झालं नाही. चेंडू दाबताना कंटाळा येतो, मोजून मोजून जीव जातो. म्हटलं, मोजण्याऐवजी स्तोत्र म्हणू. 13वं घेतलं, कारण ते सहाच वचनांचं आहे आणि पहिल्या दोन वचनांत दावीद चारदा विचारतो, कोठवर? कोठवरला दाबायचं, पुढच्या शब्दांना सोडायचं. हे बसलं. मग 130, मग 42, आणि शेवटी 88.

88व्या स्तोत्राविषयी थोडं सांगायला हवं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात. रडून झाल्यावर ‘तरीही मी तुझ्यावर भरवसा ठेवीन’ असं काहीतरी येतं. 88 वळत नाही. 18 वचनं सलग अंधार, आणि शेवटही अंधारातच. देव काही बोलत नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी कापून टाकलेलं नाही. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) संध्याकाळसाठी नेमलेल्या स्तोत्रांत हे आहे. आमच्या पाळकसाहेबांना मी विचारलं, कधी उपासनेत वाचाल का? म्हणाले, “बहनजी, लोग घबरा जाएँगे.” घाबरू देत की. प्रभू वधस्तंभावर असताना त्याच्या तोंडी काय आलं? 22व्या स्तोत्राची पहिली ओळ. प्राण सोडताना 31व्यातली. मरणाच्या वेदनेत त्यानं नवी प्रार्थना रचली नाही, पाठ असलेलं म्हटलं. आणि पाठ काय होतं, तर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ यापेक्षा मोठी परवानगी मला नको होती.

पाठांतर मराठीतच केलं. दुखताना मी ‘आई गं’ म्हणते, ‘हाय राम’ही नाही आणि ‘ओ गॉड’ही नाही. तेव्हा तिथे तेच उपयोगी पडणार.

घरी ‘हे’ म्हणायचे, “सकाळी सकाळी मृत्यू आणि खड्डा काय लावलंयस, 23वं म्हण.” 23वंही म्हणायचे. त्यातही मृत्युच्छायेची दरी आहेच. लोक हिरव्या कुरणापाशी थांबतात, त्याला मी काय करणार?

दर बुधवारी आमच्या भागात घरोघरी प्रार्थनासभा होते. तिथे मी फिस्टुलाचं सांगितलं. एक भगिनी, वयानं मोठ्या, मनानं वाईट नाहीत, उठून म्हणाल्या, “आधीच हात कापून घेतला म्हणजे आजार येणारच असं कबूल केलंस. विश्वासानं नाकारायचं असतं.” मग चार जणींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून गाठी विरघळण्यासाठी प्रार्थना केली. मी डोळे मिटून ‘आमेन’ म्हटलं. गाठी विरघळल्या असत्या तर मला हवंच होतं. पण रस्त्यानं परत येताना डोकं तापलं होतं. प्रेषित पौलानं शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा गेला नाही. तोच पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असं सांगतो. त्याचा विश्वास कमी होता? गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः ‘हा प्याला टळू दे’ म्हणाला आणि मित्रांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले. मला वाटतं, आपल्याकडे ‘विश्वासात खंबीर’ याचा अर्थ ‘न घाबरणारा’ असा करून ठेवलाय, आणि त्यापायी घाबरलेली माणसं खोटं बोलायला शिकतात. त्यानंतर मी सभेत एवढंच मागायला लागले की मला भीती वाटते, माझ्याबरोबर जागे राहा. पहिल्यांदा खोलीत शांतता झाली. मग एकीनं तिच्या मुलाच्या दारूचं सांगितलं, जे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिनं कधी उच्चारलं नव्हतं.

आता भावाचं.

इंदूरच्या छावणी भागातल्या वडिलांच्या घरावरून आमचा अबोला होता. तपशिलात जात नाही. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातलं वचन प्रभुभोजनाआधी दर वेळी टोचायचं. आणि इंदूरमध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला क्षमेच्या बाबतीत सबब सांगायची सोय नाही. 25 फेब्रुवारी 1995ला सिस्टर राणी मारिया उदयनगरहून इंदूरला यायला बसमध्ये बसल्या, आणि त्यांना बसमधून ओढून भोसकून मारलं. गरिबांना सावकाराच्या पाशातून सोडवत होत्या, हा त्यांचा गुन्हा. त्यांच्या सख्ख्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. सुटल्यावर तो केरळात त्यांच्या आईला भेटून आला. 4 नोव्हेंबर 2017ला इथेच, इंदूरमध्ये, राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. आम्ही कॅथलिक नाही, पण त्या दिवशी शहरातल्या सगळ्याच मंडळ्यांत तोच विषय होता. त्यांच्या बहिणीनं खुन्याला राखी बांधली, आणि मला सख्ख्या भावाला फोन होत नव्हता.

त्यात अडचण अशी की कायद्यानं जवळच्या नात्यातलाच माणूस सरळपणे किडनी देऊ शकतो. 1994च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात नवराबायको, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण येतात. म्हणजे मी इतक्या वर्षांनी फोन केला की त्याला वाटणार, आली किडनी मागायला. मला स्वतःलाही तसं वाटलं नसतं याची काय खात्री? मी यावर बरेच दिवस प्रार्थना केली आणि उत्तर वगैरे काही आलं नाही. शेवटी फोन लावला आणि ‘सलाम दादा’ म्हणायच्या आधी म्हटलं, “किडनीबद्दल एक अक्षर बोलणार नाहीये, आधीच सांगते.”

तो पलीकडे बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “देऊ शकत नाही गं. मलाही आहेत गाठी.”

त्याला आधीच कळलं होतं. अबोल्यामुळे त्यानं सांगितलं नव्हतं. आम्ही दोघंही, दोन शहरांत, एकाच आजाराची वाट बघत एकेकटे बसलो होतो. घराचा प्रश्न अजून सुटलेला नाही, वकिलाची नोटीस अजून कपाटात आहे. पण रोज रात्री नऊला फोन असतो. आधी क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीचा आकडा), मग शास्त्रपाठ, मग प्रार्थना. त्याच क्रमानं.

त्या वर्षीच्या, ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी पाणी कमी करायचं ठरवलं होतं, डायलिसिसवर गेल्यावर पाण्यावर बंधन येतं म्हणून सराव. डॉक्टरांनी साफ मना केलं. किडन्या काम करताहेत तोवर पाणी तोडायचं नाही. मीठ तोडा म्हणाले, तहान मिठानंच वाढते. मग 40 दिवस मीठ बेताचं. लोणचं, पापड बंद आणि शेव बंद. बाहेरगावच्यांना यातलं दुःख कळायचं नाही. इंदूरमध्ये ठेल्यावर शेवेशिवाय पोहे मागितले की तो प्लेट हातात तशीच धरून विचारतो, “तबियत ठीक है ना?” उपवास म्हणजे देवाला खूश करायची किंमत असं मी कधी मानलं नाही. पण ‘नाही’ म्हणायची जिभेला सवय लागते, ती लागली. थंडीत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, वास येतो (पोटॅशियममुळे तोही गेला), तेव्हा ती सवय कामाला येते.

डायलिसिस सुरू झालं ते भर मे महिन्यात. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. पहिल्या दिवशी सुया टोचल्या, मशीन सुरू झालं, नळीतून आपलंच लाल रक्त बाहेर जाताना दिसलं, आणि मला एकही स्तोत्र आठवलं नाही. एवढं घोकलेलं सगळं गेलं. तिसऱ्या तासाला पोटरीत गोळा आला, असा की ओरडले. तेव्हा तोंडातून निघालं ते ‘कोठवर’. आणि उजव्या हाताची मूठ आपोआप आवळली गेली, जणू चेंडू होता. शब्द डोक्यात नव्हते, हातात होते. शेजारच्या खाटेवरच्या मुस्लिम आजींनी विचारलं, “क्या पढ़ रही हो बेटा?” म्हटलं, शिकायत कर रही हूँ ऊपरवाले से. त्या म्हणाल्या, “मेरी भी लगा देना.” तेव्हापासून मंगळवारी त्यांच्या वतीनंही एक ‘कोठवर’ असतं.

सगळं जमलं असं नाही. पाण्याची तयारी होऊच शकत नाही. दिवसाला मोजून मिळतं, औषधाच्या घोटासकट. या शहरात जलूदहून पंपानं चढवलेलं नर्मदेचं पाणी नळाला येतं, आणि नळाचा आवाज ऐकला की मला रडू येतं. 42व्या स्तोत्रात पाण्यासाठी लुलपणारी हरिणी आहे. पूर्वी मला तो अलंकार वाटायचा. वधस्तंभावर प्रभू म्हणाला ‘मला तहान लागली आहे’, त्यावर उत्तम शुक्रवारी मी स्वतः महिला मंडळात बोललेली आहे, आत्म्यांची तहान वगैरे. आता वाटतं, त्याला पाणी हवं होतं. प्रभुभोजनाचा घोट मी दिवसाच्या हिशोबात धरत नाही. डाएटिशियनला हे सांगितलेलं नाही.

मुलीचं दुःख वेगळं. तिलाही 50 टक्के. आई मला म्हणायची, ‘माझ्यामुळे तुला’, आणि तेच वाक्य माझ्या तोंडाशी येतं. योहानाच्या 9व्या अध्यायात शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? प्रभू म्हणतो, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही. हे मला बुद्धीला पटतं. सोनोग्राफी कधी करायची ते मुलगी ठरवेल, तो तिचा प्रश्न. मी तिला आजीचा प्रॉमिस बॉक्स दिला, आणि त्यात काही कोऱ्या पट्ट्यांवर 13 आणि 88मधली वचनं माझ्या अक्षरात लिहून खोचली. काळ्या शाईत, म्हणजे वेगळी कळतील.

आता प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलंय, मृत दात्याच्या. ‘ह्यांचा’ रक्तदाब आणि साखर पाहता त्यांची किडनी चालणार नाही. इंदूरमध्ये ग्रीन कॉरिडॉरची बातमी अधूनमधून येतेच. रस्ते मोकळे करून अवयव नेतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. घरात सगळे म्हणतात, प्रार्थना कर, लवकर नंबर लागू दे. मला ती प्रार्थना करता येत नाही. माझा नंबर लागायचा म्हणजे कुणाच्या तरी घरी, बहुधा अपघातानंतर, डॉक्टर बाहेर येऊन ब्रेन डेड म्हणणार आणि त्या आईला किंवा बायकोला त्याच रात्री सही करायची की नाही ते ठरवावं लागणार. लवकर होऊ दे असं कसं म्हणू? म्हणून मी उलट बाजूनं सुरुवात केली. ज्या घरावर ती रात्र कधीतरी येईल, त्या घरासाठी आत्तापासून प्रार्थना करते. त्यांनी सही करावी म्हणून नाही. त्या रात्री त्यांच्याबरोबर कोणीतरी जागं असावं म्हणून.

हे मी बुधवारच्या सभेत बोलले. फिस्टुलावरून मला टोकणाऱ्या भगिनी म्हणाल्या, “न ओळखलेल्या माणसाच्या न आलेल्या दुःखासाठी प्रार्थना? हे कुठल्या वचनात बसतं?” मला सांगता आलं नाही. त्या शोधताहेत. शनिवारी माझ्या डायलिसिसला आता त्याच बरोबर येतात, स्टुलावर बसून चष्मा लावून बायबल चाळत असतात, आणि चार तास असतातच.